विश्लेषण : व्हीलचेअर मिळते, पण घराच्या दाराचे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातील सुमारे २० लाख कुटुंबांना पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांची मंजुरीपत्रे एकाच वेळी देण्यात आली. घरात कोणी लकव्याने, अपघाताने किंवा पोलिओमुळे व्हीलचेअरवर असेल, तर राळेगाव तालुक्यासारख्या भागात त्या माणसाचे पुढचे आयुष्य या घराच्या जोत्यावर आणि चौकटीवर ठरते. बांधताना थोड्या खर्चात होणारी गोष्ट नंतर भिंत फोडून करावी लागते.

अडचण कुठे येते?

साधी व्हीलचेअर सुमारे २५ ते २७ इंच रुंद असते. न्हाणी-संडासाचे दार बहुतेक घरांत दोन ते अडीच फुटांचे. अडीच फुटांच्या चौकटीतही दाराची फळी धरली की मोकळी जागा २७ इंचांच्या आसपासच उरते. खुर्ची अडते किंवा हात खरचटतात. सुगम्यतेच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट मोकळी वाट हवी. खुर्ची जागेवर वळवायला पाच फूट व्यासाची जागा लागते. उंबरठाही अर्ध्या इंचाहून उंच नको.

उतार किती लांब हवा?

प्रमाण एकास बारा असे आहे : एक फूट उंचीला बारा फूट उतार. जोते दोन फूट उंच असेल तर उतार २४ फुटांचा होतो. पायऱ्यांवर फळी टाकून भागवले तर चढवणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हातची सुटते. जागा कमी असेल तर बारा-बारा फुटांचे दोन भाग करून मध्ये वळायला पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा मात्र हवाच.

जोतेच ठेंगणे ठेवावे, असे वाटू शकते. पण ते उंच असते पावसाचे पाणी आणि साप-विंचू घरात शिरू नयेत म्हणून. त्यामुळे जोते न उतरवता उतारासाठी जागा राखणे अधिक शहाणपणाचे.

काळ्या मातीचा काय संबंध?

यवतमाळच्या कापूस पट्ट्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला काँक्रीटचा उतार कालांतराने जोत्यापासून सुटतो आणि मध्ये फट पडते. चाक नेमके त्याच फटीत अडकते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून नीट दाबावा आणि मगच काँक्रीट टाकावे. अंगणातून रस्त्यापर्यंतची वाटही मुरमाची किंवा फरशीची हवी. नाहीतर पावसाळ्याचे चार महिने माणूस ओसरीतच बसून राहतो.

घरात काय बदलावे लागते?

सर्वांत आधी संडास. स्वच्छ भारत अभियानाच्या १२ हजार रुपयांत उभे राहणारे शौचालय साधारण तीन बाय चार फुटांचे असते. त्यात खुर्ची वळत नाही. न्हाणी आणि संडास एकत्र करून पाच बाय सहा फुटांची जागा केली, सुमारे दीड फूट उंचीचा कमोड बसवला आणि भिंतीत पक्के लोखंडी दांडे रोवले, तर खुर्ची आत नेता येते. दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहण्याची लाज ज्या खोलीत सर्वाधिक वाटते, ती हीच.

झोळ पडलेल्या बाजेवरून खुर्चीत सरकणे अवघड जाते. खुर्चीच्या बैठकीइतक्या उंचीचा पक्का दिवाण आणि त्यावर चांगली गादी बरी. स्वयंपाकाचा ओटा अडीच फुटांवर आणि खाली गुडघे जातील असा मोकळा ठेवला, तर घरातील बाईला बसून स्वयंपाक करता येतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याचे बंधन घालतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात २०१७ च्या नियमांतील नियम १५ अवैध ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखण्यास केंद्राला सांगितले. राहते घर मात्र या बंधनाबाहेर आहे. कलम ३७ घरकुल योजनांत दिव्यांगांसाठी पाच टक्के आरक्षण देते. पण त्यामुळे घर मिळते. ते घर कसे बांधावे, हे त्यात नाही.

पैसा कोण देते?

'एडिप' योजनेतून खुर्ची मिळते, दार रुंद करायला पैसे नाहीत. ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार रुपये मिळतात; किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. राळेगाव शहरात नगरपंचायत असल्याने तिथे शहरी योजना लागू होते. उताराचा वेगळा पैसा त्यातही नाही. इंग्लंडमध्ये घरातील अशा बदलांसाठी ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे. आपल्याकडे स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. मात्र लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्नच तुटपुंजे असल्याने ही रक्कम छोटी राहते.

मार्ग कोणता?

घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्याने, कामाचे फोटो पाहून सुटतात. जोत्याच्या टप्प्यावर अभियंत्याने घरात दिव्यांग व्यक्ती आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ साधेल. उतारासाठी जागा सोडणे आणि तीन फुटांची चौकट बसवणे हे तेव्हाच स्वस्तात होते. गवंड्यालाही मोजमापे आधीच कळतात.

घरापुढच्या नालीवरचा ढापा मात्र कुटुंबाच्या हातात नसतो. तो फुटका असेल तर २४ फुटांचा उतार नालीपाशी संपतो. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीकडे मागणी नोंदवताना दार, संडास आणि ढापा ही तिन्ही कामे एकत्र मांडणे म्हणूनच महत्त्वाचे. यातले एक जरी राहिले, तरी मिळालेली खुर्ची ओसरीच्या कोपऱ्यात पडून राहते.