कानाला ५८० व्होल्ट!

‘अरे, बेस कुठाय?’ आमच्या विंगमध्ये ज्याने ज्याने तो हेडफोन डोक्याला लावला, त्याने हेच विचारलं. हेडफोन होता स्टॅक्स या जपानी कंपनीचा, एसआर-एल३००. एका सीनियरने घेतला आणि चार दिवस आमच्या हवाली केला. कंपनी याला हेडफोन म्हणत नाही, ‘इअरस्पीकर’ म्हणते. १९६० पासून हे लोक इलेक्ट्रोस्टॅटिक इअरस्पीकर विकताहेत, तेव्हा चालायचंच.

आपल्या नेहमीच्या हेडफोनमध्ये मॅग्नेट आणि कॉइल असते. कॉइल पडद्याला एका गोल कडेवर ढकलते, बाकीचा पडदा मागून फरफटत येतो. इथे कॉइलच नाही. दोन जाळीदार प्लेट्स, मधे केसाहून कितीतरी पातळ फिल्म, आणि त्या फिल्मवर ५८० व्होल्टचा डीसी बायस. (घाबरू नका, मधे एवढा मोठा रेझिस्टन्स असतो की करंट नावालाच.) प्लेट्सना सिग्नल उलटसुलट मिळतो, एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि सगळी फिल्म एकदम हलते. फर्स्ट इयरला कपॅसिटर आपण मार्कांपुरता केला, तो असा गातो हे कुणी सांगितलंच नाही राव!

ऐकायला कसा? किशोरीताईंचा भूप लावला. तानपुरा एरवी मागे नुसता घुमत असतो, इथे एकेक तार सुटी झाली. तबल्याच्या किनारीवर बोट कुठे पडलं ते कळलं, ओळ सुरू होण्याआधीचा श्वाससुद्धा. बेस आहे, पण छातीत धडधडत नाही. दुसऱ्या दिवशी कान सरावले आणि माझा जुना हेडफोन गोधडीखालून वाजल्यासारखा वाटायला लागला. मात्र डाउनलोड केलेली फडतूस एमपीथ्री लावाल तर तिची सगळी लक्तरंही वेशीवर टांगली जातात.

आता रोजच्या वापराचं. वेगळा ड्रायव्हर लागतो, त्याला प्लग पॉइंट लागतो. नेहमीच्या जॅकमध्ये हा जातच नाही, पिना पाच! दोन्ही बाजूंनी उघडा, त्यामुळे शेजारच्या कॉटवरच्याला तुमचा भूप फुकट आणि तुम्हाला त्याचं घोरणं, वर पंख्याची घरघर. किंमत वर्षभराच्या मेस बिलाच्या वर. आमच्यातले दोघे हप्त्यावर घ्यायला निघालेत. त्यांना स्पष्ट सांगतो, हॉस्टेलवर घेऊ नका. स्वतःची शांत खोली झाली की खुशाल घ्या, तेव्हा मीही घेणार आहे.

पण डिपार्टमेंटने एक सेट जरूर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये संध्याकाळी दोन तास, रजिस्टरवर सही करून, ज्याला हवं त्याने ऐकावं. फाटलेला ऑसिलोस्कोप प्रोब बदलायला अर्ज करावा लागतो हे मान्य. तरी एचओडी सर, या अर्जाचा विचार व्हावा.