'माझ्याकडे तर ओपन होतंय!'

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं? 'माझ्याकडे तर ओपन होतंय!' म्हणजे, आता तुझं तू बघ. मित्रांनो, इंजिनिअरच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण मांडलं ते कशासाठी? एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसावा म्हणून. त्याचा आटा ५५ अंशांचा, मेट्रिक ६० अंशांचा. जबरदस्तीने बसवाल तर आटे जाणारच. फाईलचंही तेच आहे.

२०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण लॅबच्या जुन्या पीसीवर तो उघडेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजी निघतात. ड्रॉइंगशीट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकली की बारीक डायमेन्शन्स पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, जशीच्या तशी जाते. वर्डचा रिपोर्ट दुसऱ्या ॲपमध्ये उघडला की टेबल पसरतं, समीकरणं हलतात. म्हणून वाचायला पीडीएफ आणि बदल करायला मूळ फाईल, दोन्ही पाठवा. काय जातं आपलं?

मराठीचे हाल तर विचारूच नका! देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी काही नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात आणि मोबाईलवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

भुर्दंड कोणाला? भारी फोनवाल्याला नाही. ज्याचा फोन जुना, मेमरी भरलेली, नेटपॅक संपलेला, त्याला. त्याने रात्री अकराला नवं ॲप कुठे टाकायचं? की कुठल्यातरी अनोळखी कन्व्हर्टर साईटवर आपली मार्कशीट चढवायची? आणि वर ग्रुपमध्ये 'याने काहीच काम केलं नाही' हा शिक्काही त्याच्याच कपाळी.

कोणी म्हणेल, मग आम्ही नवीन काही वापरायचंच नाही का? जरूर वापरा. आपल्या फोनमध्ये काय हवं ते ठेवा. पण दुसऱ्याच्या हातात देताना त्याला उघडेल असंच द्या. बदलण्याचं काम पाठवणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नव्हे.

सर आणि मॅडमनाही एक नम्र विनंती. असाइनमेंटच्या नोटिशीत तारखेसोबत फाईलचा प्रकारही लिहा, आणि नोटीस युनिकोडमध्ये काढा. एका ओळीचं काम आहे, पण त्याने कित्येकांची रात्र वाचेल.