नाटक सोडलं, तरी म्हणे ‘नाटकं’ करते!

सेकंड इयरला होते. एकांकिकेच्या तालमी आणि सबमिशन्स एकाच आठवड्यात आल्या. रात्री दोनपर्यंत जर्नल, सकाळी सातची लोकल, संध्याकाळी तालीम. त्यातल्याच एका रात्री कंबर धरली. ‘वाकडी झोपली असशील, जाईल,’ आई म्हणाली. गेली नाही. बाम झाला, शेक झाला, पट्टा झाला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. आठ महिने झाले तरी दुखणं जिथल्या तिथे.

मग एमआरआय. रिपोर्टमध्ये डिस्कबद्दल दोन ओळी होत्या. त्या दोन ओळी मी रात्रभर गुगल केल्या आणि सकाळपर्यंत आपला कणा कामातून गेला याची खात्री करून घेतली. वाकणं बंद, सॅक उचलणं बंद, जमिनीवर बसणं बंद. एकांकिकाही सोडली. पुढच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. ‘घाबरण्यासारखं काही नाही यात. टेन्शन घेतेस का? बऱ्याचदा मनातलं असतं हे,’ असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचं ‘काही झालेलं नाही’ झालं. रात्रीच्या जेवणाला काका आले होते, त्यांनी ते ‘मग ही नाटकं कशाला?’पर्यंत नेलं. खरं नाटक तर मी सोडून बसले होते!

तेव्हा डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, ते चुकीचं बोलले नव्हते, अर्धंच बोलले होते. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून माझ्यासारखे कितीतरी जण अडकून पडतात. कारण ‘मनातलं’ आणि ‘खोटं’ हे दोन शब्द आपण एकच करून टाकलेत.

खरं तर आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. व्हायव्हासाठी बाहेर उभं असताना पोटात गोळा येतो. रिझल्टची लिंक उघडताना छातीत धस्स होतं. वाईट बातमी आली की हातपाय गळतात. तेव्हा ‘पोटातला गोळा सोनोग्राफीत दाखव’ असं कुणी म्हणत नाही. मग पाठीच्या बाबतीतच पुरावा का लागतो?

१९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक केस छापून आली होती. बांधकामावरच्या एका तरुण कामगाराने वरून उडी मारली ती थेट पंधरा सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बूट फोडून आरपार गेला. जरा हलला तरी जीव जाईल इतकं दुखत होतं, गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढून बघतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! तो माणूस नाटक करत नव्हता. मेंदूने बूट पाहिला, खिळा पाहिला आणि धोक्याची घंटा वाजवली. वेदना ही तीच घंटा आहे. इजा हे तिचं एक कारण असतं, एकमेव नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं, की शरीराकडून येणारा वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, वाटेत त्याचा आवाज कमी-जास्त होतो. भीती, झोप, लक्ष, आधीचे अनुभव यांचा त्यात हात असतो.

सोसायटीतली ती एक बाइक आठवा. मांजर सीटवर बसलं तरी अलार्म वाजतो. आवाज अगदी खरा असतो, सगळी बिल्डिंग उठते, चोर मात्र नसतो. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या, म्हणजे क्रॉनिक दुखण्यात अनेकदा हेच होतं. मूळ दुखापत भरून येते, पण अलार्म हळवा होऊन बसतो. दुखतं म्हणून आपण घाबरतो, घाबरून हलायचं टाळतो, सतत कंबरेकडे लक्ष ठेवतो आणि मेंदूला वाटतं, धोका अजून आहे.

आणि माझ्या त्या दोन ओळी? काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसत होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे माझ्या वर्गातल्या धडधाकट मुलांना मशिनमध्ये घातलं तर त्यातल्या कित्येकांच्या रिपोर्टमध्येही अशा ओळी निघतील. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एकांकिका वाचली असती.

बरं, घंटा हळवी झाली तर शांत कशी करायची? इथेच मानसोपचार येतात. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट पाठदुखी असलेले १५१ जण होते. एका गटाला चार आठवडे ‘पेन रिप्रोसेसिंग थेरपी’ दिली. दुखणं आलं की पळायचं नाही, त्याच्याकडे न घाबरता बघायचं, टाळलेल्या हालचाली हळूहळू परत सुरू करायच्या, ताण आणि दबलेल्या भावनांवर बोलायचं. या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. प्लासिबो गटात हे प्रमाण २० टक्के होतं, नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांत १० टक्के. वर्षभरानंतरही बराचसा फरक टिकून होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२१ च्या मार्गदर्शनात ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी व्यायाम आणि सीबीटीसारख्या थेरपी सुचवल्या, आणि पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनसारख्या पेनकिलर सुरू करू नका असं सांगितलं.

आता दुसरी बाजू. कोलोरॅडोतला अभ्यास एकच आहे, आणि त्यातल्या लोकांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं. ही जादूची कांडी नाही. आधी तपासणी हवीच. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टर, लगेच. संधिवातासारख्या आजारात थेरपी जोडीला चालते, औषधाच्या जागी नाही. आणि ‘मनातलं’ हा शब्द डॉक्टरांची पळवाटही होऊ शकतो. पाळीत लोळण घेणाऱ्या मुलींना ‘एवढं तर सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून परत पाठवलं जातं आणि एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायला वर्षं लागतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे, की ‘मनातलं’ म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही बोललंच पाहिजे. डॉक्टरांनी सांगावं, तुझं दुखणं खरं आहे, ते असं तयार होतंय आणि त्यासाठी अमुक माणसाकडे जा. कॉलेजने काउन्सेलरची खोली परीक्षेच्या आधी पोस्टर लावण्यापुरती ठेवू नये. क्रॉनिक पेनचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुलाकडे ‘प्लास्टर कुठे आहे?’ अशा नजरेने बघू नये. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा दुखण्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. आपल्या हजेरीपत्रकात का नसावी? आणि आपण मित्रमैत्रिणींनी निदान ‘नाटकं’ हा शब्द तरी बंद करावा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, खासगी सेशन्स आपल्या पॉकेटमनीच्या बाहेरची असतात. पण सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो. कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर ‘टेलीमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

मला कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमनी पुढची वाट दाखवली. पहिल्या सेशनला मी रिपोर्टची फाइल छातीशी धरून बसले होते. पुरावा म्हणून! मॅडमनी फाइल उघडलीच नाही. ‘दुखतंय ना? मग दुखतंय,’ एवढंच म्हणाल्या आणि मी रडले. सहा महिने गेले. दुखणं पूर्ण गेलं म्हणणार नाही, सबमिशनच्या आठवड्यात अजून डोकावतं. पण या वर्षी तालमीला परत जायला लागले. परवा तीन तास जमिनीवर बसले होते. कंबर मधेच कुरकुरली. मी जरा मांडी बदलली आणि पुढचा डायलॉग घेतला.