घड्याळाचा काटा आणि मजुराचा रोज

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२५ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा जनतेपुढे ठेवला. कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळेवाचून दुसरी वेळ ग्राह्य धरली जाऊ नये, असा त्याचा आशय. ‘एक राष्ट्र, एक वेळ’ या सूत्राचे स्वागत कोणीही राष्ट्रप्रेमी माणूस करील. ज्या देशात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच सूर्याला अर्घ्य दिले जाते, त्या देशात दोन घड्याळे कशाला? २०१८ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्य भारतासाठी स्वतंत्र वेळेचा प्रस्ताव शास्त्रीय आधारावर मांडला होता. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शासनाने तो स्वीकारला नाही, हे योग्यच झाले.

मात्र वेळ एक असावी हे मान्य केले म्हणजे ती कोणती असावी, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. घड्याळ पुढे सरकवून वीज वाचवावी, असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडेही आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी २०१२ च्या सुमारास प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे नेण्याची सूचना केली आणि त्यातून वर्षाला सुमारे २७० कोटी युनिट वीज वाचेल, असे गणित मांडले. युरोप-अमेरिकेत तर दर वर्षी उन्हाळ्यात तासभर काटा पुढे आणि हिवाळ्यात मागे, हा खेळ चालतो. १९१६ साली महायुद्धात जर्मनीने कोळसा वाचवण्यासाठी तो प्रथम देशभर सुरू केला, मग शत्रू-मित्र सर्वांनीच उचलला. आपल्यावरही इंग्रजांनी तो लादला होता. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानचे घड्याळ तासभर पुढे होते.

विजेचा हिशेब युनिटांत मांडता येतो. मजुराच्या रोजाचा हिशेब त्या कोष्टकात कोठे बसतो?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे बाजारपेठेचे गाव आहे. मोंढा आहे, बाजार समिती आहे, भोवती कापूस, सोयाबीन, हळद यांची शेते आहेत. हा परिसर ७७ रेखांशाच्या आसपास येतो, आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने जवळा बाजारचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २२ मिनिटे मागे चालतो. आपल्या पूर्वजांच्या भाषेत सांगायचे तर एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, जेमतेम दोन मिनिटांनी कमी. म्हणजे या गावाने काटा न हलवताही जवळजवळ एक घटिका राष्ट्राला आधीच दिलेली आहे. एकात्मतेसाठी ती आनंदाने दिली, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आणखी अर्धा तास मागितला, तर जानेवारीत सातच्या सुमारास उगवणारा सूर्य साडेसातला उगवेल, आणि युरोपच्या पद्धतीने तासभर मागितला तर आठला.

लंडनच्या अक्षवृत्तावर उन्हाळ्याचा दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्याचा जेमतेम आठ तासांचा. तेथे उजेडाची उधळपट्टी होते, म्हणून बचतीची भाषा तरी शोभते. मराठवाड्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अंतर सव्वादोन-अडीच तासांचे. ज्या घरात उधळपट्टीच नाही, तेथे काटकसरीचे प्रवचन कशासाठी?

आता कापसाच्या वेचणीचे उदाहरण घ्यावे. वेचणीची मजुरी किलोवर असते. पहाटेचे दव वाळल्याशिवाय कापूस वेचू नये, ओला कापूस गाठीत पिवळा पडतो, व्यापारी भाव पाडतो, हे शेतात वाढलेल्या मुलालाही ठाऊक असते. दव मंत्रालयाचे परिपत्रक वाचून वाळत नाही, ते उन्हाने वाळते. परंतु मजूर बायांना घेऊन जाणारा टेम्पो, मुलांची शाळा, अंगणवाडी, एस.टी., रेशनचे दुकान हे सर्व घड्याळावर चालते. घड्याळ अर्धा तास पुढे गेले की बाई अर्धा तास आधी उठणार, अंधारात चूल पेटवणार, बांधावर वेळेवर पोचणार आणि तेथे ऊन येण्याची वाट पाहत बसणार. त्या बसण्याचे पैसे कोण देतो? परतीचा टेम्पोही घड्याळानेच निघाला, तर सूर्य डोक्यावर असलेला वेचणीचा वेळ अर्ध्या तासाने घटला, म्हणजे चार-दोन किलो कापूस आणि त्याची मजुरी गेली. टेम्पो दिवेलागणीपर्यंत थांबला, तर मजुरी वाचली, पण घरापासून घरापर्यंतचा दिवस अर्ध्या तासाने लांबला. दोन्ही बाजूंनी नुकसान तिचेच. सोयाबीनच्या काढणीत प्रकार उलटा. शेंगा फुटू नयेत म्हणून सकाळच्या ओलाव्यातच कापणी उरकावी लागते. एकराचे गुत्ते घेतलेली टोळी तांबडे फुटताच कामाला लागते, तिला घड्याळाशी कर्तव्य नाही.

मोंढ्यातील हमालाचीही हीच कथा. त्याची हमाली पोत्यावर. सौदे उशिरा लागले तर तो पारावर बसून राहतो, आणि बसण्याला दर नाही. वेळ ज्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती, ही गोष्ट आमच्या अर्थतज्ज्ञांना बहुधा पुस्तकात सापडत नाही!

ही गोष्ट मुंबईच्या गिरणी कामगाराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुरती उमगली होती. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या सूर्योदय ते सूर्यास्त चालत. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती, ती अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, अशी ती मागणी. दिवसाचे आरंभाचे टोक घड्याळाला बांधलेले, शेवटचे टोक सूर्याला! मालकाच्या हाती दोन्ही टोके राहू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. रविवारची सुटी पदरात पडायला १० जून १८९० उजाडले.

पुढे विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचे टोकही सुटले. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांवर गेले. नेमक्या त्याच वेळी, १ जानेवारी १९०६ पासून, सरकारने नवी प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. त्या जानेवारीत जेकब ससून गिरणीतील कामगारांनी काम नाकारले, दगडफेक झाली, असंतोष शहरभर पसरला आणि पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. साहेबी वृत्तपत्रांना तो अडाण्यांचा हट्ट वाटला असेल. पण कामगाराच्या खिशात घड्याळ नव्हते. घड्याळ गिरणीच्या मनोऱ्यावर होते आणि त्याची किल्ली मालकाकडे. भोंगा नव्या वेळेने वाजेल, सुटी मात्र जुन्या वेळेने होईल, असे घडणार नाही याची हमी त्याला कोणी दिली होती? वंगभंगाने देश पेटलेला होता, आणि सरकारने वेळही प्रजेला न विचारता बदलली. मुंबई महापालिकेने नवी वेळ नाकारली, ती थेट १९५५ सालापर्यंत. दोनच वर्षांनी, १९०८ च्या जुलैत, लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद ठेवणारा कामगार तोच होता. पोटाचा प्रश्न आणि राष्ट्राचा प्रश्न त्याने वेगळे मानले नाहीत. स्वराज्य आले आणि तीच प्रमाणवेळ मुंबईने विनातक्रार स्वीकारली. विरोध परक्याच्या हुकुमाला होता, एकतेला नव्हता; ‘हिंदू पंचांगवाद्यांनी प्रगती रोखली’ असा शेरा मारणाऱ्या पुरोगामी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

आसामचे उदाहरणही बोलके आहे. तेथील चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून ‘बागान टाइम’ आहे, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. पूर्वेला सूर्य लवकर उगवतो, तेव्हा हे स्वाभाविक आहे. काम लवकर सुरू, सुटीही लवकर. राष्ट्राची वेळ न मोडता कामाची वेळ बदलता येते, हे आसामच्या मळ्यांनी दाखवून दिले आहे. मग जे काम शाळेची किंवा कार्यालयाची घंटा अलीकडे आणून होते, त्यासाठी सव्वाशे कोटींहून अधिक माणसांचे घड्याळ फिरवण्याचा अट्टहास का?

काटा हलवणाऱ्या देशांत तरी काय घडते? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनाचे एकदम तीन वाजतात. त्या रात्री पाळीवर असलेल्या, तासावर पगार घेणाऱ्या माणसाचे आठाऐवजी सातच तास भरतात आणि पगार सातांचा होतो. नोव्हेंबरात नऊ तास उभे राहावे लागते; पगार नऊ तासांचा मिळतो हे खरे, पण शरीराची झोप कोणत्या खात्यात भरून निघते? तेथील खाण कामगारांच्या १९८३ ते २००६ या काळातील अपघातांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी झोप सरासरी ४० मिनिटांनी घटलेली आणि अपघात सुमारे पावणेसहा टक्क्यांनी वाढलेले आढळले. हे लोण आपल्यापर्यंतही पोचले आहे. हिंजवडीतील एखाद्या कंपनीत अमेरिकन ग्राहकांची सेवा करणारा परभणी-हिंगोलीकडचा मुलगा वर्षातून दोनदा आपली पाळी तासाने मागे-पुढे करतो. काटा त्यांचा हलतो, झोप याची मोडते.

असो. विजेकडे वळू. वीज वाचवण्यासाठी घड्याळ फिरवू म्हणणाऱ्यांनी एकदा जवळा बाजारच्या शिवारात रात्री यावे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हळदीला पाणी देण्यासाठी विंचू-सापांच्या भीतीत बॅटरी घेऊन उभा कोण राहतो? लहान शेतकरी स्वतः, आणि मोठ्याचा सालगडी. सालगड्याचा करार पाडव्याला होतो, वर्षाचा आकडा ठरतो आणि त्या आकड्यात रात्र वेगळी मोजलेली नसते. कारखान्यातील कामगाराला जादा तासाला दुप्पट दर १९४८ च्या कायद्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही तो कायम आहे. बांधावरच्या माणसाची दुसरी पाळी कोणत्याच हजेरीपटावर चढत नाही. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात सौर कृषिवाहिनी योजना २०१७ पासून आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ती योजना नेटाने पूर्ण करणे, हीच मजुराच्या दृष्टीने खरी उजेडाची बचत.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यांत दिवसाला नऊऐवजी बारा तासांपर्यंत आणि दुकानांत नऊऐवजी दहा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देण्याचा निर्णय केला. उद्योग यावेत, रोजगार वाढावा, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण कागदावरील दहावा तास आणि पगारपत्रकावरील दहावा तास एकच आहे ना, हे पाहणारे निरीक्षक किती आहेत? दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभा केला तो वर्गसंघर्षाच्या पोथीवर नव्हे, उद्योगाला कुटुंब मानून. कुटुंबात कर्त्या माणसाने घड्याळ आपल्या सोयीने फिरवायचे नसते.

शेवटी हजेरीचा विषय. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र पाठवणे बंधनकारक झाले. भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू स्तुत्य होता, खोटे हजेरीपट हा रोग जुनाच. परंतु वाडी-वस्तीवर नेटवर्क मिळाले नाही आणि ठरल्या वेळेत छायाचित्र गेले नाही, तर खणलेली माती खरी आणि हजेरी खोटी ठरते. गिरणीच्या मनोऱ्यावरचे घड्याळ आता मुकादमाच्या हातातील मोबाइलमध्ये आले आहे, एवढाच फरक. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने या योजनेच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. त्याच्या अंमलबजावणीत दोन तरतुदी स्पष्ट शब्दांत हव्यात. छायाचित्र न गेल्यास मोजमाप-पुस्तिकेतील कामावरून मजुरी द्यावी आणि हजेरीची वेळ ऋतूप्रमाणे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा. जवळा बाजारच्या ग्रामसभेला सूर्य कधी उगवतो हे दिल्लीहून कळवण्याची गरज नाही.