उपरा कोण?

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांच्या बोलीत बाहेरून आलेल्याला ‘सूथमूदर’ म्हणतात. लेरविकच्या खाडीला दोन मुखे आहेत. आबर्डीनची बोट दक्षिण मुखातून आत येते, म्हणून त्या वाटेने आलेला तो सूथमूदर. शेजारच्या ऑर्कनी बेटांत अशा माणसाला ‘फेरीलाउपर’, म्हणजे होडीतून उडी टाकून आलेला, म्हणतात. भाषाप्रेमींना या शब्दांचे कौतुक वाटते. भूमिपुत्रांच्या नावाने राजकारण करणाऱ्यांना त्यांत आपल्या सिद्धांताचा पुरावा सापडतो. मूठभरांच्या बोलीला बाहेरच्या लोंढ्याचे भय वाटावे, हे समजण्याजोगे आहे. परंतु हे शब्द माणूस कोणत्या वाटेने आला एवढेच सांगतात. लुटणारा कोण आणि राबणारा कोण, हे ते सांगत नाहीत.

शेटलंडचा इतिहासच याला साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील मच्छीमार कुळाला आपली मासळी जमीनदाराला किंवा त्याच्या व्यापाऱ्याला विकावी लागे. मोबदला रोखीने नव्हे, तर त्याच्याच दुकानातील मालाच्या रूपाने मिळे. कुळ कायमचे कर्जात राही. कुरकुर केली तर जमिनीवरून हकालपट्टी ठरलेली. १८७२ साली सरकारी चौकशीने ही पद्धत चव्हाट्यावर आणली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी वस्त्याही उठविल्या गेल्या. हे करणाऱ्यांतील अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या बेटावरचीच होती. बोलीच्या हिशेबाने ते आप्तच! कुळांना संरक्षण मिळाले ते १८८६ च्या कायद्याने, आणि तो झाला हायलंडमधील कुळांच्या लढ्यामुळे. म्हणजे न्यायही दक्षिणेच्याच वाटेने आला.

पुढे उत्तर समुद्रात तेल सापडले. सलम व्हो येथे तळ उभारण्यासाठी हजारो परके कामगार आले आणि सूथमूदर हा शब्द पुन्हा जिभेवर खेळू लागला. पण बेटांचे हित त्या शब्दाने राखले नाही. तेथील कौंटी कौन्सिलने १९७४ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेतला, बंदरावर आणि जमिनीवर अधिकार मिळविले आणि तेलकंपन्यांकडून येणारा पैसा बेटांच्या सार्वजनिक निधीकडे वळविला. अट घातली ती कामगाराला नव्हे, भांडवलाला.

मुंबईही एके काळी सात बेटेच होती. या शहराने घाटावरून पोट भरण्यासाठी आलेल्या कष्टकऱ्याला ‘घाटी’ म्हटले आणि त्या शब्दाची शिवी केली. १९८२ च्या संपात त्याच्यासह अडीच लाख गिरणी कामगार उतरले. ते देशोधडीला लागले आणि गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत सार्वजनिक मैदाने आणि घरे यांना वाटा दिला होता; २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरविला. ही दुरुस्ती करणारे सरकार परप्रांतीयांचे नव्हते. ते मराठी माणसांचेच होते.

म्हणून परप्रांतीय टॅक्सीवाल्यावर किंवा फेरीवाल्यावर हात उगारणाऱ्या तरुणाला कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा : तुझ्या आजोबाला घाटी म्हणणाऱ्यांत आणि तुझ्यात फरक काय? आणि मग त्याला गिरणीच्या जमिनीचा सात-बारा दाखवावा. उपरा कोण, हे बोटीवरून किंवा रेल्वेच्या तिकिटावरून ठरत नाही. ते मालकीवरून ठरते.