बरणीतील मीठ आणि पेल्यातील मीठ

वैशाख लागला, की धारवाडच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग पडतात आणि हुबळी-धारवाडकडील मराठी घरांतून लोणच्याची लगबग सुरू होते. रात्री फोडींना मीठ लावून ठेवावे, तर सकाळी पातेल्यात चांगले वाटीभर पाणी सुटलेले दिसते. आपण तर थेंबभरही घातले नव्हते! मग हे आले कोठून? वाचकहो, आजचा आमचा विषय तोच आहे.

कैरीची फोड असो वा आपला देह, दोन्ही सूक्ष्म पेशींचे बनलेले आहेत. प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. ते पाण्याला वाट देते, परंतु मिठाला सहजासहजी आत येऊ देत नाही. पटलाच्या ज्या बाजूस द्रावण अधिक दाट, तिकडे पाणी ओढले जाते. ह्यालाच परासरण म्हणतात. बाहेरच्या मिठाने फोडीतील पाणी ओढून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. लोणचे नासविणाऱ्या जंतूंचे पाणीही असेच ओढले जाते. त्यांची वाढ खुंटते व लोणचे वर्षभर टिकते.

आता बरणीकडून पाळण्याकडे वळू. जुलाब लागलेल्या बालकाच्या शरीरातून पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. नुसत्या पाण्याने क्षारांची तूट भरून येत नाही. परंतु निसर्गाने एक सोय करून ठेविली आहे. आतड्यातील पेशींच्या पटलात अशी द्वारे आहेत, की त्यांतून मिठातील सोडियम व साखरेतील ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञाने १९६० साली ही कल्पना मांडली. पटकीसारख्या रोगातही ही द्वारे बंद होत नाहीत. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी क्षार व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना तोंडाने पाजविले. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या आत आले.

मात्र येथे माप हेच औषध होय. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, एवढेच घालावे. पुडी आणली असेल, तर तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती सबंध विरघळवावी. पेलाभर पाण्यात अर्धीमुर्धी टाकू नये. मायेपोटी साखर वाढविली, तर आतड्यातील द्रावण दाट होऊन पाणी उलट आतड्यातच ओढले जाते व जुलाब बळावतात. मीठ वाढविले, तर रक्त खारट होऊन मेंदूच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. कैरीच्या फोडीचे जे झाले, तेच बाळाचे व्हावयाचे!

हे पाणी घोटाघोटाने पाजीत राहावे व अंगावरचे दूध थांबवू नये. मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. हुबळीला १९५७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु खेड्यापाड्यांतून तेथवर पोहोचण्यास वेळ लागतो. तेवढ्या वाटेतही पेला आईच्या हातून सुटू नये, हीच आमची विनंती.