झाकण मिटलं आणि डिस्क गेली

रविवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. लॅपटॉपवरची जागा संपत आली होती, ड्राइव्हची पट्टी लालेलाल झाली होती आणि सोमवारी ऑफिसचं एक अगडबंब सॉफ्टवेअर टाकायचं होतं. मग काय, कपाटातली एक्सटर्नल हार्डडिस्क काढली, 'घरचं' नावाचा १४० जीबीचा फोल्डर धरला, कट मारला आणि डिस्कवर पेस्ट. हिरवी पट्टी सरकायला लागली. 'दोन तास दहा मिनिटं बाकी.' दोन तास कोण बसणार राव? सकाळची सात बावीसची फास्ट चुकली की पुढचा सगळा दिवस चुकतो. रोजच्या सवयीने झाकण मिटलं, दिवा घालवला आणि ताणून दिली.

माझ्या पाठोपाठ लॅपटॉपही झोपला. घोटाळा तिथेच झाला.

सकाळी झाकण उघडलं तर स्क्रीनवर दोन चौकटी. एक म्हणते, कॉपी होऊ शकली नाही, जागा सापडत नाही. दुसरी म्हणते, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू का? 'कॅन्सल' हे बटण मी आयुष्यात इतक्या मनापासून कधी दाबलं नसेल.

आता 'घरचं' मध्ये काय काय होतं ते सांगतो. लग्नाचे फोटो होते, त्यांचं फार नाही, ते अर्ध्या नातेवाइकांकडे आहेत. पण त्यातच आजीची ३८ रेकॉर्डिंग्ज होती. दोन दिवाळ्यांपूर्वी वाईला गेलो होतो तेव्हा ओट्यावर मोबाइल ठेवून तिच्या सगळ्या रेसिपी तिच्याच तोंडून घेतल्या होत्या. आमटीपासून कांदा-लसूण मसाल्यापर्यंत. गेल्या मार्गशीर्षात आजी गेली. मोबाइल भरला म्हणून रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर आणली होती, लॅपटॉप भरला म्हणून डिस्कवर चालली होती. दुसरी कॉपी? मंडळी, हा प्रश्न मला त्या आठवड्यात अकरा जणांनी विचारला.

ऑफिसला दांडी मारून थेट लॅमिंग्टन रोड गाठला. एका चिंचोळ्या दुकानात फार तर चोवीस वर्षांचा एक पोरगा डिस्कांच्या ढिगात बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'सर, कट का केलंत?'

कट आणि कॉपी यातला फरक आपण कधी मनावर घेत नाही. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कट-पेस्ट केलं की विंडोज एकेक फाइल तिकडे लिहितं आणि इकडची पुसत जातं. आता तिकडे 'लिहिलं' म्हणजे काय? कधीकधी ते फक्त कम्प्युटरच्या मेमरीत, कॅशमध्ये, रांगेत उभं असतं. डिस्कवर जायचं बाकी असतं, आणि इकडची मूळ फाइल मात्र गेलेली असते. नेमकी तेव्हाच डिस्क गायब झाली तर रांगेतल्या फाइल्स धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. त्यात माझा लॅपटॉप एसएसडीवाला. जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत काढता यायची. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते, पुसलेल्या जागा ती लगेच रिकाम्या करायला सांगते. वेगासाठी मस्त, आपल्यासाठी मरण.

पण डिस्क गायब का झाली? ती तर प्लग केलेलीच होती ना?

लॅपटॉप 'स्लीप'मध्ये जातो म्हणजे रात्रीचं घर होतं. सगळे दिवे बंद, पॅसेजमधला झिरोचा बल्ब तेवढा चालू. तो बल्ब म्हणजे रॅम. तिला वीज मिळत राहते म्हणून तर उघडलेल्या फाइल्स सकाळी जशाच्या तशा दिसतात. बाकी खर्चाला कात्री, आणि यूएसबी पोर्टही बहुतेक वेळा त्यातच येतो. बाहेरच्या डिस्कची वीज जाते, तबकडी फिरायची थांबते. सकाळी कम्प्युटर जागा होतो आणि शाळेतल्यासारखी हजेरी घेतो. कीबोर्ड? हजर. माउस? हजर. डिस्क? डिस्क बिचारी अजून तबकडीला वेग देतेय. तिच्या डबीत एक छोटी चिप असते, यूएसबीची भाषा डिस्कला समजावून सांगणारी, तीही अजून डोळे चोळतेय. तोवर गुरुजींनी गैरहजेरी मांडलेली असते. कधी ती उशिरा येऊन बसते, कधी नव्या नावाने बसते, म्हणजे काल ई ड्राइव्ह होती ती आज एफ होते आणि तुमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर ई शोधत बसतं. मॅकवाल्यांना हाच प्रकार 'डिस्क नीट इजेक्ट केली नाही' अशा ताशेऱ्याने कळतो. हात कोणीच लावलेला नसतो, पण बोलणी आपणच खायची.

पोराने पहिला हात घातला तो केबलला. 'ही डिस्कबरोबर आलेली नाहीये.' नव्हतीच. ओरिजिनल कुठल्या तरी ट्रिपमध्ये हरवली, ही ड्रॉवरमधली. लांबलचक, पातळ. त्याचं म्हणणं, येणाऱ्या दहापैकी निम्म्या तक्रारी केबल आणि पोर्ट बदलल्यावरच मिटतात. हा त्याच्या दुकानातला हिशेब, पण पटण्यासारखा आहे. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपियर मिळतात, ३.० च्या पोर्टातून ९००. छोटी, अडीच इंची डिस्क फिरायला लागल्यावर तेवढ्यात भागवते, पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवताना तिला जास्त करंट लागतो. झोपेतून उठताना नेमकं तेच करायचं असतं. त्यात केबल पातळ, त्यात तुम्ही ती चार पोर्टांच्या बिनअडॅप्टरच्या हबला लावलेली, त्याच हबला माउस, पेनड्राइव्ह आणि मोबाइलचं चार्जिंग. मग हजेरी चुकणारच. म्हणून आखूड, जाड केबल घ्या आणि डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. हब हवाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असतोच, तिची ही कटकट कमी.

जाता जाता एक गंमत. यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड जानेवारी १९९६ मध्ये आलं आणि इंटेलमध्ये ते घडवणाऱ्यांत मोठं नाव आहे अजय भट्ट यांचं. हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. म्हणजे गायकवाडांच्या बडोद्याचं आपल्या प्रत्येक लॅपटॉपला एक भोक आहे असं म्हणायला हरकत नाही.

केबल बदलूनही डिस्क पळत असेल तर सेटिंग्ज. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधून पॉवर ऑप्शन्समध्ये जा, चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाचा भिडू बसलेला असतो. वापरात नसलेल्या पोर्टाला तो परस्पर झोपवतो. त्याला डिसेबल करा. त्याच यादीत 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' असतं, तिथे शून्य टाकलं की 'नेव्हर' होतं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून 'यूएसबी रूट हब'वर डबल क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला कम्प्युटरला परवानगी' अशा अर्थाची जी टिकमार्क असते ती काढा. रूट हब दोन-तीन असतात, सगळ्यांची काढा. नवीन पातळ लॅपटॉपांवर यातले काही पर्याय दिसतच नाहीत, कारण त्यांची झोपायची तऱ्हाच वेगळी आहे. तुम्हाला दिसले नाहीत तर तुमचं काही चुकलेलं नाही, पुढे चला. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये, लॅपटॉप असेल तर बॅटरीच्या ऑप्शन्समध्ये आणि डेस्कटॉप असेल तर एनर्जीमध्ये, 'शक्य तेव्हा हार्डडिस्क झोपवा' असा पर्याय आहे. तो बंद.

एवढं करूनही काही डिस्क ऐकत नाहीत. का, तर त्यांच्या डबीतल्या चिपला स्वतःचं घड्याळ असतं. ठरावीक मिनिटं काम नाही मिळालं की ती आपणहून झोपते, कम्प्युटरला विचारतसुद्धा नाही. काही कंपन्या हे घड्याळ बदलायचं सॉफ्टवेअर देतात, काही देत नाहीत. ड्राइव्हचं अक्षर बदलण्याचा त्रास मात्र सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला लांबचं एखादं अक्षर द्या. मी पी दिलंय.

खरं सांगायचं तर ही सगळी खटपट रोज डिस्क लावून ठेवणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्या सहा महिन्यांतून एकदा डिस्क काढणाऱ्याने एवढंच पाळलं तरी पुरे: कॉपी चालू असताना लॅपटॉपला झोपू द्यायचं नाही. चार्जर लावा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण मिटल्यावर काय करायचं' हे निवडता येतं, तिथे चार्जर लावलेला असताना 'डू नथिंग' ठेवा (आणि नंतर आठवणीने बदला, नाहीतर चालू लॅपटॉप बॅगेत टाकाल आणि दादरपर्यंत इडल्या वाफवाल). मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'अवेक' नावाचं फुकट टूल आहे, मॅकच्या टर्मिनलमध्ये 'कॅफिनेट' नावाची कमांड आहे. नाव वाचूनच काम कळतं. कॅफिनेट चालू असलं तरी झाकण मात्र उघडं ठेवा. आणि रात्रभर कॉपी लावायची तर कॉपीच लावा, कट नाही. सकाळी चार फाइल्स उघडून बघा, डिस्क 'इजेक्ट' करा, मग जुनं पुसा.

माझ्या बाबतीत आणखी दोन शहाणपणं बाहेर आली. डिस्क माझ्या विंडोजवर आणि ताईच्या मॅकवर दोन्हीकडे चालावी म्हणून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली होती. एनटीएफएस आपण काय बदलतोय याची नोंद ठेवत जातं, म्हणून मध्येच वीज गेली तर सावरतं. एक्सफॅट अशी वही ठेवत नाही. दुसरं म्हणजे, कधीतरी वेग वाढवायच्या नादात मी डिस्कच्या पॉलिसीत 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं होतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून तिथे आपसूक 'क्विक रिमूव्हल' असतं, ते हे असले अपघात कमी व्हावेत म्हणूनच. ते मी हौसेने बदललं होतं. पोराने हे बघून नुसती मान हलवली.

फॉरमॅट नको म्हणालो, हे बरं केलंत, असं मात्र तो म्हणाला. दुरुस्तीचं टूलही त्याने आधी चालवलं नाही. दुरुस्ती करताना टूल डिस्कवर नवीन लिहितं, आणि त्याखाली जुनं गाडलं जाऊ शकतं. आधी त्याने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग त्या नकलेतून फाइल्स वेचल्या. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी आईला काही बोललो नव्हतो. रोज संध्याकाळी फोनवर ती विचारायची, 'आवाज का असा येतोय तुझा?' मी म्हणायचो, एसी.

शुक्रवारी ३१ रेकॉर्डिंग्ज हातात आली. सात गेली. यादी करून बघितलं तर गेलेल्यांत कांदा-लसूण मसाला होता.

ताईला फोन केला. ती पुण्याला असते, आणि तिचा स्वभाव माझ्या उलट. काही म्हणजे काही पुसत नाही. दिवाळीतच मी तिला मसाल्याचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, मी विसरलो होतो. तिने शोधून पाठवलं. चार मिनिटं तेरा सेकंद. लोकलच्या दारात उभं राहून, एक कान दाबून ऐकलं. मधली दीड मिनिटं आजी दूधवाल्याला झापतेय, पाणी घालतो म्हणून. मग परत मसाल्यावर येते आणि म्हणते, 'खोबरं किसून भाजायचं, आणि संकेश्वरी मिरच्या घ्यायच्या एवढ्या.'

एवढ्या म्हणजे हाताने दाखवलेल्या. मोबाइल ओट्यावर पालथा होता.

आई म्हणते पाव किलो. ताई म्हणते, आजीची ओंजळ लहान होती, पाव किलो फार होतात. या रविवारी पुण्याला ताईकडे दोन्ही करून बघणार आहोत. नवी केबल घेऊन जातोय, रेकॉर्डिंग्ज तिच्या मॅकवरही टाकायची आहेत. कॉपी.